निजवलेला विस्तव

मलाकी: ‘मलाकी, आधी विस्तव निजव, मग तू नीज.’ रोज रात्री हेच. आईचा आवाज अजून कानात आहे बघ. बाप गोठ्यात झोपला तरी ती चकार शब्द काढायची नाही, पण विस्तव उघडा राहिला की घर डोक्यावर घ्यायची.

(आयर्लंडचा पश्चिम किनारा, कारोबेग गाव. सकाळ. फेस्टस मुलरॉयच्या घराखालच्या वळणावर पोलिसांची गाडी उभी आहे. आत सार्जंट मलाकी हेराटी आणि त्याच्या हाताखालची ईमर टॅलन. वर घरात फेस्टसची शवपेटी अजून उघडी आहे.)

ईमर: निजवायचा म्हणजे नक्की काय करायचं, सार्जंट?

मलाकी: तुम्हा डब्लिनच्या लोकांना बटणं दाबायची माहीत. अगं, चिमट्यानं निखाऱ्यांचे तीन ढीग करायचे. एक पित्याचा, एक पुत्राचा, एक पवित्र आत्म्याचा. मधेमधे जळणाच्या पीट-मातीचं ढेकूळ सरकवायचं. वरून राख, आणि राखेवर चिमट्याच्या टोकानं क्रूस. पहाटे राख बाजूला केली की आत लालबुंद! आमच्या घरात काडेपेटी लागायची ती फक्त बापाच्या चिलमीला.

ईमर: गावात सगळ्यांची हीच रीत?

मलाकी: छे छे! घराघराचं वेगळं. आता हे मुलरॉय घे. यांच्याकडे सगळा विस्तव एकाच ढिगात. आई म्हणायची, मुलरॉयांना पवित्र त्रैक्य काही मोजता येत नाही.

ईमर: मग तीन ढीग तुमच्याच घरचे.

मलाकी: आमच्या, आणि आईच्या माहेरचे. माहेरचं आता कुणी उरलं नाही. मी एकटाच. आज काय गं, माझी मुलाखत घेतेस की काय? निवृत्तीनंतर छापणार आहेस कुठे?

ईमर: फेस्टसच्या बहीण साबिनाबाई चुलीजवळून हलत नाहीयेत. इंग्लंडमधून, कॉव्हेंट्रीहून आल्यापासून भावाच्या उशाशी कमी आणि चुलीपाशी जास्त बसल्या आहेत. राखेला कुणाला हात लावू देत नाहीत.

मलाकी: दुःखानं माणसाचं असं होतं. माझी मावशी तर…

ईमर: काल संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. राखेवर क्रूस होता, सार्जंट. त्यांनी सळईनं राख हलकेच बाजूला केली. खाली तीन ढीग. तुमचं मावशीचं राहिलं.

मलाकी: काच जरा खाली कर. कोंडल्यासारखं होतंय.

ईमर: खालीच आहे.

मलाकी: बरं, ऐक. मंगळवारी रात्री मी त्याला घरी सोडलं. वाटेत भेटला, गाडीत घेतला. आत गेलो, म्हटलं म्हातारा दमलाय, विस्तव आपण निजवून देऊ. सवयीनं हात चालला. झालं. यात गुन्हा कसला?

ईमर: मग हे बुधवारी का नाही सांगितलंत? तुम्हीच मला सकाळी म्हणालात, ‘फेस्टसच्या धुराड्यातून धूर दिसत नाही, जरा बघून ये.’

मलाकी: विसरलो असेन.

ईमर: आणि विस्तव निजवला म्हणजे माणूस झोपायला निघालेला. बरोबर? मग तो खुर्चीत कसा होता? पायात बूट, अंगात पोप येऊन गेले त्या वर्षी शिवलेला कोट, डोक्यावर टोपी. घरात टोपी घालून बसायचा का फेस्टस?

मलाकी: थंडी होती.

ईमर: टोपी उलटी होती, सार्जंट. शिवण कपाळावर.

मलाकी: येशू, मेरी, जोसेफ! ही डिंफ्नाची कामगिरी.

ईमर: पबवाल्या डिंफ्नाबाईंची?

मलाकी: काही नाही. मी काही बोललो नाही.

ईमर: त्या येताहेतच. विचारते.

मलाकी: ईमर, पोरी, थांब…

डिंफ्ना: काय गं बाई हा वारा! घ्या, सँडविच घ्या दोघं. हॅमची आहेत. वर घरी पन्नास माणसं आणि साबिना कुणाला पाण्याचंही विचारत नाही, राखेकडे टक लावून बसलीय. मलाकी, तुझं तोंड असं का झालंय? सांगितलंस की काय हिला?

मलाकी: डिंफ्ना, तुझं तोंड मिटव.

डिंफ्ना: अगोबाई, म्हणजे सांगितलं नाहीस. मग मी पण काही म्हटलं नाही. लोणी जरा जास्त झालंय बघ.

ईमर: फेस्टसच्या डोक्यावर टोपी तुम्ही घातलीत, डिंफ्नाबाई?

डिंफ्ना: मेला अंधार होता. मला काय दिसणार पुढचं-मागचं?

मलाकी: संपलं! बोल, सगळं बोल आता. वेदीवर चढून घंटा वाजव.

डिंफ्ना: माझ्यावर कशाला डाफरतोस? तूच म्हणालास, बंद व्हायच्या वेळेनंतर पबमध्ये कुणी मेलं तर लायसन्स जाईल. माझ्या बापाचं, आज्याचं लायसन्स. मी म्हटलं होतं फादरना बोलवू. म्हटलं होतं की नाही?

मलाकी: म्हटलं होतंस. दोन घोट घेतल्यावर.

ईमर: म्हणजे तो पबमध्ये मेला.

मलाकी: हो.

ईमर: फेस्टस. ज्याच्या कोटावर दारू न पिण्याच्या शपथेचा बिल्ला होता.

डिंफ्ना: लाल लेमोनेड प्यायचा तो, बाळ. जन्मभर लाल लेमोनेड. बिल्ल्याला त्यानं कधी डाग लागू दिला नाही, हे मी देवासमोर सांगेन. एकटा माणूस, रात्री घर खायला उठायचं. आमच्यात येऊन बसायचा, बस्स. आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याची गरज होती.

मलाकी: डिंफ्ना.

डिंफ्ना: आता काय लपवायचं? जपमाळ त्यालाच यायची गं. पूर्ण, येशूच्या आयुष्यातली सगळी रहस्यं, क्रमानं. आम्ही बाकीचे दहा मण्यांच्या दुसऱ्या दशकालाच अडकायचो.

ईमर: कसली जपमाळ?

मलाकी: चहा घेतेस का, ईमर? थर्मासमध्ये आहे.

ईमर: कसली जपमाळ, सार्जंट?

मलाकी: …तू हिवाळ्यात दोनदा छापा घातलास ना. वेळेनंतर पब चालू आहे म्हणून.

ईमर: दोन्ही वेळा सगळे गुडघ्यावर होते. कुणाच्या तरी आजारी मुलीसाठी प्रार्थना चालली होती. मी माफी मागितली.

मलाकी: हो.

ईमर: माफी मागून टोपी काढली आणि दाराशी मीही गुडघे टेकले. त्या मुलीसाठी पुढचे नऊ दिवस मी रोज चर्चमध्ये मिस्साला गेले. सकाळी, ड्युटीच्या आधी. अनवाणी पवित्र विहिरीला फेरे घातले, गारा पडत होत्या.

डिंफ्ना: देवाची आई! अनवाणी?

ईमर: काय नाव होतं मुलीचं?

मलाकी: ईमर…

ईमर: नाव सांगा.

डिंफ्ना: असं नक्की काही ठरलं नव्हतं, बाळ. एकदा ब्रेदा म्हटलं, एकदा उना. तुझ्या लक्षात आलं नाही, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं.

ईमर: ग्लास कुठे होते?

डिंफ्ना: गार ओव्हनमध्ये. आणि काही कोटांच्या खाली.

ईमर: आणि मी येतेय हे तुम्हाला कळायचं, कारण सार्जंट फोन करायचे.

मलाकी: मी कधीही नाव घेऊन सांगितलं नाही. ‘आज हवा बदलणार’ एवढंच म्हणायचो.

ईमर: मी हसावं अशी अपेक्षा आहे का?

मलाकी: नाही.

ईमर: मंगळवारी मला धक्क्यावर पाठवलंत. सामन माशांचे चोर येणार म्हणून. मी कमरेपर्यंत भिजले. कुणी आलं नाही.

मलाकी: कुणी येणारच नव्हतं.

ईमर: त्या संध्याकाळी मी फेस्टसकडे जाणार होते. शब्द दिला होता. बिचारा म्हणाला होता, ‘सोडा ब्रेड भाजून ठेवतो.’ तुम्हाला माहीत होतं.

मलाकी: माहीत होतं.

ईमर: बुधवारी मी आत गेले आणि म्हटलं, ‘काय फेस्टस, रुसलास?’ तो बोलेना. मी समोरच्या स्टुलावर बसले. त्याची समजूत काढत राहिले, मध्ये ब्रेडचा तुकडाही मोडून खाल्ला. बराच वेळ बोलले, सार्जंट. मेलेल्या माणसाला आदल्या दिवशीची कारणं देत बसले.

डिंफ्ना: अरे देवा.

ईमर: मग तीन दिवस मी एकच गोष्ट घोकत होते. मी गेले असते तर तो एकटा मेला नसता, निदान कानात प्रार्थना म्हणायला कुणी असतं. फादरजवळ जाऊन पापनिवेदन केलं. आणि परवा तुम्ही मला चहा करून दिलात. साखर घालून. पाठीवर थोपटलंत, म्हणालात, ‘मनाला लावून घेऊ नकोस पोरी, त्याची वेळ आली होती.’ तेव्हासुद्धा गप्प बसलात. अहवालाखाली माझी सही घेतलीत, कारण माझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही. ते एक मी समजू शकते. पण तो चहा! तो चहा मी प्यायले, सार्जंट.

डिंफ्ना: मलाकी, हे तू मला सांगितलं नव्हतंस. पोरीला असं कुढत ठेवलंस?

मलाकी: तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडणार होतं. एक धागा ओढला की… मला वाटलं, मातीआड झाला की विरून जाईल.

ईमर: तो कसा गेला?

मलाकी: बाहेर दिवे दिसले. गाडी वळली. कुणीतरी ओरडलं, ‘ईमर आली!’ ग्लास ओव्हनमध्ये, सगळे खाली. फेस्टसनं सुरुवात केली. दुःखाची रहस्यं. आम्ही मागून ओढत होतो, कुणी हसू दाबतंय, कुणी ढेकर. तो मात्र नेहमीसारखा. डोळे मिटून, सावकाश. त्याचं सोंग नव्हतंच गं. आम्ही सोंग करायचो, तो म्हणायचा.

डिंफ्ना: आणि गाडी हिची नव्हतीच. कुणी वाट चुकलेला जर्मन होता, मासे धरायला आलेला.

मलाकी: चौथ्या दशकात तो पुढे कलला. आम्हाला वाटलं, आज जास्तच भक्तीत आहे. आम्ही उत्तरं देत राहिलो. मीच आधी पाहिलं. माळ हातात, ओठ हलताहेत. मी त्याला मांडीवर घेतलं. पश्चात्तापाची प्रार्थना कानात म्हटली, सबंध. अर्ध्यात मला शब्द आठवेनात, तेव्हा त्यानंच पुढचा दिला.

डिंफ्ना: दिला. मी ऐकलं.

मलाकी: मग म्हणाला, ‘साबिनाला सांग, मी एकटा नव्हतो.’ मी म्हटलं, सांगतो. म्हणाला, ‘तू स्वतः सांग, मलाकी.’ म्हटलं, स्वतः. मग गेला.

ईमर: आणि तुम्ही त्याला पोलिसांच्या गाडीत घातलंत.

मलाकी: पट्टा बांधून.

ईमर: फादर कॉन्व्हेनी आज प्रवचनात सांगणार आहेत. शेवटच्या रात्री फेस्टस वाटेत दिसला, आनंदात होता, हात केला त्यानं.

डिंफ्ना: …मी मागे बसले होते. त्याचं कोपर धरून हात हलवला. फादरनी आधी हात केला, आता काहीच केलं नाही तर वाईट दिसलं असतं.

ईमर: धर्मगुरू समोर आले. हाताच्या अंतरावर. खिशात मरणाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची कुपी. गेल्याबरोबर तेल लावता येतं, तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. आणि तुम्ही मेलेल्याचा हात हलवून त्यांना पुढे पाठवलंत.

मलाकी: त्यापायी मला झोप नाही, ईमर. बाकी कशापायी नाही, पण त्यापायी.

ईमर: साबिनाबाई मला काय म्हणाल्या माहीत आहे? ‘इथे कुणीतरी होतं. आमच्या घरातलं नव्हतं, पण देवाचं नाव घेणारं होतं. ते माणूस समोर का येत नाही? त्यानं माझ्या भावाचं काही केलं का?’ त्या विष म्हणत होत्या, सार्जंट. चोरी म्हणत होत्या. आणि मधेच म्हणायच्या, ‘की माझी आईच आली होती?’ रात्रभर या दोन टोकांमध्ये येरझारा. मी शब्द दिलाय, पेटी झाकायच्या आत सांगेन.

डिंफ्ना: बाळ, माझं ऐक. मलाकी घरात होता, एवढंच सांगूया ना? त्यानं घरी सोडलं, तिथे त्याला कळ आली, यानं प्रार्थना म्हटली. तिला हवं ते मिळालं. पब राहिला. याची पेन्शन राहिली. एवढंसं इकडचं तिकडे.

मलाकी: माझ्याही मनात हेच आलं होतं.

ईमर: मग साबिनाबाई विचारतील, फादरना का नाही बोलावलंत? काय सांगाल? फोन बिघडला होता? त्यावर आणखी एक खोटं. मग माझ्या सहीचा आणखी एक कागद. तुम्हाला खोटं बोलायला अजून जीव उरलाय, माझ्याकडे ऐकायला नाही.

डिंफ्ना: आणि माझं काय? पब बंद झाला तर या गावात म्हाताऱ्यांनी रात्री कुणाचं तोंड बघायचं?

ईमर: ते मला माहीत नाही, डिंफ्नाबाई. तुम्ही दोनदा माझ्याबरोबर जपमाळ म्हटलीत. ती माझ्यासाठी काय होती, ते तुम्ही विचारलं नाहीत.

डिंफ्ना: …ते खरं आहे. दे तो डबा. वर जाते, चहाचं बघते. मलाकी, तुला जे करायचं ते कर. मी अडवणार नाही. पण बोलशील तर टोपीचं पण सांग, मी मुद्दाम नव्हती घातली उलटी.

मलाकी: सांगेन.

ईमर: गेल्या.

मलाकी: तू जा ना वर. तुझं तिला पटेल. तुझं सगळ्यांना पटतं.

ईमर: मी तिथे नव्हते. मी धक्क्यावर होते. माझ्या तोंडून त्यांना बातमी मिळेल, भाऊ नाही मिळणार.

मलाकी: वर्दी जाईल माझी. उन्हाळ्यापर्यंत ओढलं असतं तर सुटलो असतो.

ईमर: हो, जाईल. मी अहवाल बदलून देणार आहे. आज, अंत्यविधी झाल्यावर. तुम्ही वर गेलात तरी देणार, नाही गेलात तरी देणार. हे आधीच सांगते, मागून कळायला नको.

मलाकी: मला असं आधी कुणी सांगितलं नव्हतं कधी.

ईमर: मलाही नाही.

मलाकी: …माफ करशील कधी?

ईमर: माहीत नाही. आज नको विचारू. विचारू नका.

मलाकी: बघ, शववाहिका आली वळणावर. दहा मिनिटांत झाकण लावतील. आता जाऊन काय उपयोग, पन्नास माणसांपुढे…

ईमर: झाकण लागणार नाही. मी शववाहिका इथेच थांबवते. मागच्या टायरची नक्षी झिजलीय, इथून दिसतेय. दिवे तपासायचे आहेत. लायसन्स बघायचं आहे.

मलाकी: शववाहिकेला दंड करणार?

ईमर: मी कडक आहे, सगळं गाव म्हणतं. तुम्ही बाकीच्यांना आतल्या खोलीत पाठवा. साबिनाबाईंशी चुलीपाशीच बोला.

मलाकी: फेस्टस हसला असता.

ईमर: उतरा, सार्जंट.

मलाकी: उतरतो. टोपी ठेवू इथे?

ईमर: ठेवा.

मलाकी: तिनं विश्वास नाही ठेवला तर? म्हणेल, तीन दिवस गप्प बसलास, आज कशावरून खरं बोलतोस?

ईमर: प्रार्थना कुठल्या कानात म्हटलीत?

मलाकी: उजव्या. लहानपणी गाढवानं लाथ मारली होती त्याला, डाव्यानं ठार बहिरा. घाईत मी आधी डावीकडे बसलो, मग आठवलं, उठून पलीकडे गेलो.

ईमर: मग जा, त्यांना आधी तेवढंच सांगा.